सोडलेली भाकरी, मोजलेली भाकरी : कमी कर्बोदकांच्या आहाराची एक सुरुवात

गुढीपाडव्याच्या दुपारी श्रीखंड-पुरीचं जेवण आटोपलं आणि ताईंनी घरात जाहीर केलं : उद्यापासून भाकरी बंद, भात बंद, साखर बंद. सातव्या दिवशी पहाटे त्या न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन पडल्या. डोक्याला लागलं नाही, मनगट मुरगळण्यावर निभावलं. पुढे महिन्याभराने त्या माझ्याकडे आल्या तेव्हा पहिलं वाक्य होतं, "मॅडम, मला डायट सोसत नाही. माझी प्रकृतीच तशी आहे."

प्रकृती तशी नव्हती, सुरुवात चुकली होती. सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना ही चूक मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिली आहे, की एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. ताईंनी परवानगी दिली. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

वय ४६. पतसंस्थेत रोखपाल, म्हणजे दिवसाचे आठ तास खुर्चीवर. घरात पती, कॉलेजात जाणारा मुलगा आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. चौघांचा स्वयंपाक ताईंच्याच हातचा. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७८.४ किलो, कंबर ९८ सेंटिमीटर. उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा बॉडी मास इंडेक्स ३२.६. आपल्याकडे २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात आणि बाईची कंबर ८० च्या आत असावी असं मानतात, त्यामुळे दोन्ही आकडे बरेच पुढे गेलेले. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी ६.२ आली होती. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१२, खरं तर १५० च्या आत हवं. किडनीचे रिपोर्ट चांगले होते. प्रोटीन वाढवण्याआधी ते मी नेहमी पाहते. साखरेची गोळी नव्हती. बीपीची मात्र चार वर्षांपासून चालू होती : टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकाच गोळीत. हे दुसरं नाव लक्षात ठेवा, पहाटेच्या त्या चक्करचं मूळ तिथे आहे.

पाडव्यानंतर ताईंनी सुरू केलेला तक्ता व्हॉट्सॲपवर आलेला होता. दिवसाला २० ग्रॅम कर्बोदकं. सकाळी लोणी घातलेली काळी कॉफी, दुपारी पनीर आणि कोशिंबीर, रात्री अंडी. भाकरी, पोळी, भात, डाळी, दूध, फळं सगळ्यावर फुली. तक्ता ज्याने केला त्याने निदान भूक भागेल इतकं लोणी, तूप, चीज त्यात धरलं होतं. ताईंनी ते गाळलं. "तूप खाऊन कुणी बारीक होतं का?" हा त्यांचा सवाल, आणि आयुष्यभर जे ऐकलं त्यावरून तो रास्तच होता. शिवाय बीपी आहे म्हणून मीठही कमी केलं. त्यांच्याकडून आठवून मी त्या सात दिवसांचा हिशोब मांडला तेव्हा दिवसाला जेमतेम ७०० कॅलरी पोटात जात होत्या. कर्बोदकं काढली, त्यांच्या जागी काहीच ठेवलं नाही. याला लो-कार्ब म्हणत नाहीत, याला उपासमार म्हणतात.

दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्या रात्री पोटऱ्यांत गोळे आले. पाचव्या दिवशी संध्याकाळी रोकड जुळेना, तीच बंडलं तीनदा मोजली. पण काटा ७६ वर आला होता. सहा दिवसांत २.४ किलो! मैत्रिणींनी अभिनंदन केलं, त्यामुळे डोकेदुखीकडे लक्ष द्यायचं कारणच उरलं नाही. सातव्या पहाटे त्या अंथरुणातून झटकन उठल्या आणि न्हाणीघरापर्यंत पोचायच्या आत डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टरांनी बसलेल्या असताना बीपी मोजलं तर १०४/६६, उभं करून मोजलं तर ८४/५६.

इथे शरीरात काय झालं ते सांगायला हवं, कारण तक्त्यांबरोबर हा भाग कधीच येत नाही.

आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली असते, आणि तिचा प्रत्येक ग्रॅम जवळजवळ तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. कर्बोदकं एकदम थांबली की शरीर हा साठा वापरतं आणि ते पाणी लघवीवाटे निघून जातं. दीड-दोन किलो तिथेच गेले. दुसरी गोष्ट, कर्बोदकं घटली की रक्तातलं इन्शुलिन उतरतं. इन्शुलिन किडनीला मीठ राखून ठेवायला सांगत असतं. ते उतरलं की किडनी मीठ बाहेर टाकते आणि मिठापाठोपाठ आणखी पाणी जातं. डोकेदुखी, गोळे, गळाल्यासारखं वाटणं हे बहुतेक वेळा या मीठ-पाण्याचंच दुखणं असतं.

आता त्यावर ताईंची गोळी. क्लोरथॅलिडोनचं कामच किडनीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढण्याचं आहे, त्यानेच बीपी उतरतं. त्यावर सोलापूरचा चैत्र : पारा चाळिशीला टेकलेला, पतसंस्थेत एक पंखा आणि पाठीवरून घाम. आणि त्यावर हाताने कमी केलेलं मीठ. चारही वाटांनी मीठ बाहेरच जात होतं, आत काहीच येत नव्हतं. बीपी पडलं यात नवल काय.

डॉक्टरांनी गोळी बदलून नुसतं टेल्मिसार्टन ठेवलं आणि नीट जेवायला सांगितलं. ताई जेवल्या. पाच दिवसांत काटा पुन्हा ७८ च्या वर. गेलेलं पाणी परत आलं, बस इतकंच. पण हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी त्याचा अर्थ असा लावला की दोन घास भाकरी खाल्ली की आपलं वजन वाढतं. माझ्याकडे आल्या तेव्हा भाकरीची भीती आणि भाकरी खाल्ल्याचा अपराध, दोन्ही घेऊन आल्या होत्या. मला चक्करपेक्षा याचं जास्त वाईट वाटलं. चक्कर एका गोळीच्या बदलाने थांबली होती, हे तसं थांबणारं नव्हतं.

त्या भेटीत मी तक्ता दिला नाही. एक वही आणि डिजिटल काटा घ्यायला सांगितला. आठ दिवस जे रोज खाता तेच खायचं, फक्त कच्चं पीठ, कच्चे तांदूळ, कोरडे पोहे मोजून लिहायचे. शिजवलेलं मोजलं की पाण्याचं वजन मध्ये येतं आणि काहीच कळत नाही. "एक भाकरी" हेही माप नाही. बार्शीची, अक्कलकोटची आणि शहरातल्या फ्लॅटमधली भाकरी एकमेकींच्या दुप्पट-निमपट असतात.

आठ दिवसांनी वही आली. पहिल्याच पानावर "भाकरी पीठ ६५ ग्रॅम" असं लिहून ताईंनी त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. "मला वाटलं असेल तीस-पस्तीस." पीठ मालदांडी ज्वारीचं. त्यांचं माहेर मंगळवेढ्याकडचं, तिथल्या काळ्या रानातली ज्वारी भौगोलिक मानांकन मिळालेली, आणि दरवर्षी वडिलांच्या शेतातून एक पोतं घरी येतं. त्या पोत्याकडे पाठ फिरवणं म्हणजे काय, हे मला तेव्हा नीटसं कळलं नव्हतं.

वहीतला एक दिवस असा. सकाळी पोहे, कोरडे ५० ग्रॅम. तीन कप चहा, दर कपाला दोन चमचे साखर. डब्यात दोन भाकऱ्या आणि भाजी. पाच वाजता चार बिस्किटं. रात्री एक भाकरी, वरण-भात, थोडी उसळ. ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅमला सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे त्यांच्या एका भाकरीत ४४. पोह्यांत ३८. चहातल्या साखरेत ३०. रात्रीच्या भातात ३१. बिस्किटं १८. सगळं मिळून २७५ च्या आसपास. एका ग्रॅमच्या चार कॅलरी धरल्या तर ११००, म्हणजे दिवसभराच्या १८०० पैकी साठ टक्क्यांवर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब या मधुमेहाच्या पाहणीत देशाची सरासरीही ६२ टक्केच निघाली आहे. ताई जगावेगळं काही खात नव्हत्या. प्रोटीन मात्र ४५ ग्रॅम, आणि त्यातलंही निम्म्याच्या आसपास धान्यातूनच.

"पण मी तर पोळी सोडून ज्वारीच खाते, ती हलकी ना?" हा प्रश्न रोज येतो. ज्वारी चांगलीच आहे, तंतू भरपूर, ग्लूटेन नाही, साखर पांढऱ्या भातापेक्षा सावकाश वाढते. पण कर्बोदकांच्या हिशोबात गव्हाचं पीठ ६४, बाजरी ६२, नाचणी ६७, ज्वारी ६८. सगळ्या एका आळीत राहणाऱ्या. पोळीच्या जागी भाकरी आणली की आहार बदलतो, लो-कार्ब होत नाही. गुळाचंही तेच : साखरेऐवजी गूळ घातला म्हणून चहा काही कमी कर्बोदकांचा झाला नाही.

किती खाली जायचं हे मग ठरवलं. दिवसाला १३० ग्रॅमच्या आत आलं की साधारणपणे लो-कार्ब म्हणतात. ५० च्या आत गेलं की अतिकमी, ज्याला लोक कीटो म्हणतात. कीटो मुळात वजनासाठी नव्हतंच, १९२१ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये ते अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवलं गेलं. डॉक्टरांच्या नजरेखाली ते करता येतं, करणारे करतात. पण चौघांचा स्वयंपाक करणाऱ्या, माहेरची ज्वारी दळणाऱ्या बाईला मी ते सुचवणार नाही. महिनाभर टिकेल आणि मग पाडव्यानंतरचीच गोष्ट पुन्हा होईल. आम्ही १२० ते १३५ हा पल्ला धरला. प्रोटीन ६५ च्या आसपास.

लो-कार्बमध्ये जादू आहे असं मी कुणालाच सांगत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ माणसांवर वर्षभर प्रयोग केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी चरबी खाणाऱ्यांचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कर्बोदकं खाणाऱ्यांचं ६ किलो. फरक म्हणावा असा फरकच नाही. मग हा मार्ग का? कारण ताईंच्या ताटात कमी करण्यासारखं होतं ते धान्यच. तेल तशीही त्या मोजून घालत होत्या. आणि प्रोटीन वाढलं की दुपारी चारची ती पोट कुरतडणारी भूक राहत नाही, हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्यावर माझा भरवसा आहे.

दुसरी सुरुवात मेच्या मध्यावर झाली. वजन ७८.०.

पहिले पंधरा दिवस दुपार आणि रात्र तशीच ठेवली. बदल फक्त सकाळचा आणि चहाचा. पोह्यांच्या जागी दोन अंडी आणि परतलेली भाजी, किंवा साठ ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटलेली धिरडी. धिरड्यांत ३० ग्रॅम कर्बोदकं आहेतच, पण सोबत १४ ग्रॅम प्रोटीन येतं, पोह्यांत ते चारच्या पुढे जात नाही. चहात दोन चमच्यांचा दीड, दीडाचा एक, असं करत पंधरा दिवसांत बिनसाखरेचा. चौथ्या दिवशी ताईंचा फोन आला, "चहा म्हणजे नुसतं गरम पाणी वाटतंय." आलं जास्त घाला, दूध जरा वाढवा, म्हटलं. दूध तोडायचं काही कारण नव्हतं. बिस्किटांच्या वेळेला मूठभर शेंगदाणे ठेवले. हे मीच सांगितलं, आणि ते पुढे महागात पडलं.

मिठाचं मी स्वतः ठरवलं नाही. डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली : कर्बोदकं निम्म्यावर आणत आहोत, उन्हाळा आहे, मागे असं झालं होतं, मीठ किती आणि गोळी किती ते आपण सांगा. त्यांनी नेहमीचं मीठ ठेवायला आणि दुपारी ताक घ्यायला सांगितलं. घरच्या मशिनवर रोज सकाळी बसून आणि मग उभं राहून, असं दोनदा बीपी लिहायचं. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसने उतरला तर फोन करायचा. पहिल्या महिन्यात एकदाही उतरला नाही. पंधरा दिवसांत वजन ७६.९ झालं. "तेव्हा सहा दिवसांत अडीच किलो गेलं होतं," ताई जरा खट्टू होऊन म्हणाल्या. ते पाणी होतं हे वहीवर रेघा ओढून पुन्हा समजावलं. यावेळी त्यांनी ते स्वतःच्या अक्षरात लिहून घेतलं.

पुढचा टप्पा डब्याचा होता, आणि तिथे गाडी अडली.

डब्यात दोनऐवजी एकच भाकरी, तीही ४५ ग्रॅम पिठाची पातळ. भाजी दुप्पट, मटकीची नाहीतर चवळीची उसळ, दही, आणि मेथी-कांद्याचा घोळाणा. कागदावर सोपं. पण त्या घरात भाकऱ्या ताई थापत असल्या तरी डबा सासूबाई भरत. तीस वर्षांचा शिरस्ता. त्या रोज गुपचूप दुसरी भाकरी घालत. ताई ती परत आणत नसत, कारण परत आणली की घरात अबोला. दोन आठवडे वहीत "१ भाकरी" लिहिलं जात होतं आणि पोटात दोन जात होत्या. हे ताईंनी मला मान खाली घालून सांगितलं.

पुढच्या वेळी आजींनाही घेऊन या, म्हटलं. त्या आल्या. डोक्यावर पदर, हातात औषधांची पिशवी, खुर्चीच्या अगदी कडेला बसलेल्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "भाकरीनं काय वाईट केलंय मॅडम? हिच्या बापानं रानात राबून पाठवलेली ज्वारी हाय. ती नको म्हणायलीय ही."

पोत्याकडे पाठ फिरवणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. मी कागद बाजूला ठेवला. दवाखान्यातल्या काट्यावर वाटी ठेवून त्यांना पीठ घालायला सांगितलं, एका भाकरीचं, रोजच्या अंदाजाने. त्यांनी चिमटीने थोडं काढलं, पुन्हा थोडं घातलं, हात झटकला. काटा ६८ दाखवत होता. मग म्हटलं, आता अशी एक घाला, जिला तुम्ही पातळ, पापुद्रा सुटणारी म्हणाल. त्यांनी विचार केला आणि वाटीतलं पीठ कमी केलं. ४४. "अशी भाकरी तर खरं थापणारीचीच येते," त्या म्हणाल्या, "जाड काय, कुणीबी थापतंय." त्या दिवसापासून डब्यातली भाकरी आजी थापू लागल्या. भाकरी गेली नाही, तिची जाडी गेली. ही भेट मी पहिल्याच आठवड्यात घ्यायला हवी होती. ताट ज्याच्या हाताने वाढलं जातं त्याला बाहेर ठेवून आहाराचा कागद लिहिणं ही माझी चूक, आणि आता मी ती करत नाही.

रात्रीचं मग सहज झालं. भात रविवारी दुपारपुरता राहिला. रात्री अर्धी भाकरी, घट्ट पिठलं किंवा झुणका, वर मोठी वाटी भाजी. आठवड्यातून दोनदा चिकन, एरवी पनीर. शेंगा चटणी रोज, सोलापूरच्या माणसाला ती सोडा म्हणायची माझी हिंमत नाही आणि गरजही नाही. धिरडी खाल्लेल्या दिवशी रात्रीची अर्धी भाकरी सुटायची. तिसऱ्या आठवड्यात पोट साफ होईना. धान्य निम्मं झालं की तंतूही घटतात, हे होणारच होतं. जवसाची चटणी, दोन वेळा पालेभाजी आणि दोन तांबे पाणी जास्त, एवढ्यावर मिटलं.

सहाव्या आठवड्यात ७४.२. कंबर ९४. मग काटा थांबला. तीन आठवडे तिथेच, शंभर-दोनशे ग्रॅम वर किंवा खाली. ताईंचा चेहरा पडू लागला. मीही वही चाळत होते आणि भाकरीच्याच पिठाकडे पाहत होते. ते बरोबर होतं, ४५ म्हणजे ४५. उत्तर कधी मिळालं? पतसंस्थेत कामानिमित्त गेले तेव्हा. ताईंच्या काउंटरवर, शिक्क्याच्या पॅडशेजारी, भाजलेल्या शेंगदाण्यांचा अर्धा किलोचा डबा. येताजाता एक एक दाणा तोंडात. डबा चार दिवस पुरायचा. म्हणजे दिवसाला सव्वाशे ग्रॅम. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन असतं हे खरं, पण जवळजवळ ५५० कॅलरीही असतात. रोजच्या सातशे कॅलरी वहीत नव्हत्याच, कारण "त्यात कार्ब्स नाहीत ना". मी "मूठभर" म्हटलं होतं, वजन सांगितलं नव्हतं. एक मूठ म्हणजे ३० ग्रॅम. आता ताई सकाळी तेवढेच एका छोट्या डबीत मोजून नेतात. पुढच्याच आठवड्यात काटा हलला.

आषाढी याच थांबलेल्या काळात आली होती. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे आषाढी ही नुसती तिथी नाही, अख्खं घर त्या दिवशी वेगळं असतं. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण ताटात शब्दशः उतरते : ७५ ग्रॅम साबुदाण्याची खिचडी म्हणजे ६५ ग्रॅम कर्बोदकं आणि प्रोटीन जवळजवळ शून्य, त्यात बटाटा, संध्याकाळी भगर, मध्ये रताळ्याचा गोड कीस. उपवास मोडायला मी सांगत नाही, सांगणारही नाही. उपवासाचं ताटच वेगळं मांडलं : सकाळी दही आणि शेंगदाणे घातलेली काकडीची कोशिंबीर, दुपारी थोडी भगर आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी घरचं पनीर मिरची-जिऱ्यावर परतलेलं, ताक. खिचडी द्वादशीलाही नाही आणि एकादशीलाही नाही, असं ताईंनी स्वतःच ठरवलं. आजींनी मात्र खिचडीच खाल्ली.

श्रावणात अंडी-चिकन बंद झालं, प्रोटीन थोडं उतरलं, डाळी आणि पनीरवर निभावलं. गणपतीत मोदक दोन, मोजून. दिवाळीत फराळ खाल्ला आणि वजन १.१ किलो चढलं, त्यातलं बरंचसं आठ दिवसांत उतरलं. तेव्हा पाणी कोणतं आणि चरबी कोणती हे त्या मलाच सांगत होत्या.

आकडे देऊन टाकते. तीन महिन्यांनी, ऑगस्टच्या मध्यावर, ७२.९. सहा महिन्यांनी ७०.१. जानेवारीत, आठ महिने पूर्ण झाले तेव्हा, ६९.४, म्हणजे ८.६ किलो कमी. कंबर ८९. एचबीएवनसी ५.७, अजून उंबरठ्यावरच, पण आतून बाहेर सरकलेली. ट्रायग्लिसराइड २१२ वरून १३८. एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, मात्र ११८ चं १२४ झालं. फार नाही, पण मी ते पाहत राहणार आहे, कारण कर्बोदकं काढून त्यांच्या जागी लोणी-चीज भरणाऱ्या काही जणांचं ते बरंच चढतं. बीपी एकाच गोळीवर १२० च्या आसपास. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाला फेरी, सुरुवातीला धाप लागायची, आता दोन होतात. वजनापेक्षा ताईंना याचंच कौतुक जास्त.

आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात दिवसभराच्या कॅलरींपैकी धान्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या पुढे नसावा असं म्हटलं आहे. ताईंचं धान्य आज त्याच्याही बरंच खाली आहे. वजन ६५ च्या आसपास स्थिरावलं की ते हळूहळू वाढवून, एक पूर्ण भाकरी रात्रीही परत आणायचा विचार आहे. तेव्हा दर आठवड्याला काटा पाहू.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, ताईंनी दवाखान्यात डबा पाठवला. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि हरभरा-वांगी-गाजर-घेवड्याची भोगीची भाजी, भाकरीच्या तिप्पट. सोबत चिठ्ठी : "भाकरी ४५ ग्रॅम. आईंनी थापली."

सोलापूरची सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर आजी आल्या, यावेळी एकट्या, रिक्षाने. औषधांची पिशवी तीच. "सुनेचा कागद मलाबी द्या," म्हणाल्या, "मी बी रात्रीची भाकरी सोडते उद्यापासनं." पिशवी उघडून गोळ्या टेबलावर मांडल्या. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, आणि डॅपाग्लिफ्लोझिन, तिन्ही मधुमेहाच्या. ग्लिमेपिराइड चालू असताना जेवणातली भाकरी एकदम काढली तर साखर झपकन खाली जाऊन पहाटे घाम फुटतो, भान हरपतं. डॅपाग्लिफ्लोझिनवर कर्बोदकं फार कमी केली तर साखर साधी दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. वय ७२. मी म्हटलं, आजी, उद्यापासून नाही. आज रात्री रोजच्यासारखंच जेवायचं, अख्खी भाकरी. त्यांच्या डॉक्टरांना तिथल्या तिथे चिठ्ठी लिहिली, तिन्ही गोळ्यांची नावं आणि मात्रा त्यात घातल्या, आणि त्यांच्यासमोरच ताईंना फोन लावला.